कुपालाची रात्र, कापणीचा सण आणि स्लाव्ह देव: जुनं किती, नवं किती?

प्रश्न: मी पोलंडमध्ये व्रोत्स्वावला नोकरी करतो. ऑफिसातल्या एका पोलिश सहकारी मुलीने 'कुपाला'च्या रात्री त्यांच्या मंडळाच्या विधीला बोलावलं आहे. ती म्हणते, आम्ही ख्रिस्ती धर्माच्या आधीचे स्लाव्ह देव मानतो. हे देव खरंच जुने, की हल्ली कुणी शोधून काढलेले? आपल्याकडच्या ग्रुपवर 'हे लोक मुळात वैदिकच' असे फॉरवर्ड येत असतात, त्यात तथ्य किती? आणि गेलो तर तिथे कसं वागावं?

उत्तर:

जरूर जा. पण जाण्याआधी एक गोष्ट समजून घ्या: तिथे जे जे दिसेल त्या प्रत्येकाचं वय वेगळं आहे. मी लोकधर्माचा अभ्यासक आहे. पोलंडमध्ये राहून या मंडळांच्या विधींना जायचं, त्यांच्या पुजाऱ्यांशी बोलायचं आणि ते जे करतात ते कुठल्या जुन्या ग्रंथातून किंवा कुठल्या गावच्या रीतीतून आलं याचा माग काढायचा, हेच माझं काम. त्यावरून सांगतो. देव जुने आहेत, त्यांची नावं जुनी आहेत, काही विधी तर थक्क व्हावं इतके जुने आहेत. पण ते करणारी मंडळं, वर्षभराच्या सणांचं वेळापत्रक आणि म्हटल्या जाणाऱ्या बहुतेक प्रार्थना गेल्या शंभर वर्षांतल्या, त्यातही बऱ्याचशा गेल्या तीस-पस्तीस वर्षांतल्या. मला या सणांबद्दल मनापासून आदर वाटतो, आणि नेमका त्यामुळेच कोणता धागा जुना आणि कोणता नवा, हे लपवून ठेवणं मला पटत नाही.

अडचण अशी की स्लाव्ह लोकांनी स्वतःच्या देवांविषयी स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही. जे कळतं ते परक्यांकडून, आणि बहुतेक वेळा विरोधकांकडून. सहाव्या शतकातला बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की हे लोक विजेच्या कर्त्या देवाला सर्वांचा स्वामी मानतात आणि त्याला बैलांचा बळी देतात. कीव्हच्या जुन्या बखरीत बायझंटाइनांशी झालेल्या ९७१ च्या तहाची शपथ विजेचा देव पेरून आणि 'गुरांचा देव' वोलोस (यालाच वेलेसही म्हणतात) यांच्या नावाने घेतलेली आहे. त्याच बखरीप्रमाणे राजा व्लादिमीरने ९८० मध्ये टेकडीवर पेरून, खोर्स, दाझबोग, स्त्रिबोग, सिमार्गल आणि मोकोश यांच्या मूर्ती उभ्या केल्या. पुढे ९८८ मध्ये त्यानेच बाप्तिस्मा घेतला आणि पेरूनची मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून, बारा जणांकरवी काठ्यांनी झोडपत नीपर नदीत लोटून दिली. या सहा नावांपैकी मोकोश ही एकटी देवी. पुढे कित्येक शतकं बायका चोरून मोकोशला भजतात अशी तक्रार चर्चचे लोक करत राहिले, आणि त्या तक्रारींमुळेच तिचं नाव आपल्यापर्यंत पोचलं.

आता ज्या विधीसाठी मी तुम्हाला कुपालापेक्षाही जास्त आग्रह करेन त्याबद्दल. तो म्हणजे शरदातल्या विषुवदिनाच्या सुमाराला होणारा कापणीचा सण. पोलिश मंडळं त्याला 'श्व्येंतो प्लोनुव्ह' म्हणतात.

जर्मनीच्या उत्तर टोकाला बाल्टिक समुद्रात र्युगेन नावाचं बेट आहे. तिथल्या आर्कोना या कड्यावर स्वान्तेविट देवाचं देऊळ होतं. ११६८ मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्डेमार आणि बिशप आब्सालोन यांनी ते पाडलं. मूर्ती दोरानं ओढून बाहेर काढली आणि तिची लाकडं सैन्याच्या चुलीखाली घातली. हे सगळं डॅनिश इतिहासकार साक्सो याने लिहून ठेवलं आहे. तो त्या देवाचा वैरी होता, पण नजर अशी बारीक की देवळातला वार्षिक उत्सव त्याने अगदी टप्प्याटप्प्याने नोंदवला. आदल्या दिवशी पुजारी स्वतः गाभारा झाडायचा, आणि तेही श्वास रोखून. श्वास घ्यायची वेळ आली की दारापर्यंत धावत यायचा, माणसाच्या श्वासाने देव विटाळू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी लोक दाराशी जमत. देवाच्या उजव्या हातात मद्याने भरलेलं शिंग असे. पुजारी ते काढून बघे. गेल्या वर्षी भरलेलं मद्य कमी झालं असेल तर येणारं वर्ष तुटीचं, तेव्हा धान्य जपून वापरा. तेवढंच असेल तर सुबत्ता. मग जुनं मद्य मूर्तीच्या पायाशी ओतायचं, शिंग पुन्हा भरायचं, लोकांसाठी मागणं मागून एका दमात पिऊन टाकायचं आणि परत भरून देवाच्या हातात ठेवायचं.

यानंतर मधाची गोल पोळी यायची, जवळजवळ माणसाएवढी उंच. पुजारी तिच्या आड उभा राहून विचारायचा, "मी तुम्हाला दिसतो का?" लोक म्हणायचे, "दिसतोस." त्यावर तो म्हणे, "पुढच्या वर्षी न दिसो!" मागणं त्याच्या मरणाचं नव्हे, पिकाचं. पुढच्या वर्षी एवढं पिको की पोळीमागे माणूस पार झाकला जावा.

आजच्या मंडळांत हा विधी मी अगदी जवळून पाहिला आहे. माणसाएवढी पोळी भाजायला भट्टी कुणाकडे नसते. म्हणून कुणीतरी घरून मोठा गोल 'कोवाच' भाजून आणतं, वरून कणकेच्या ओंब्या लावलेला, आणि तो गव्हाच्या पेंढ्यांच्या ढिगावर टेकवून उभा करतात. पुजारी, ज्याला ते 'झेर्त्सा' म्हणतात, त्यामागे उकिडवा बसतो. प्रश्न विचारला जातो. लहान मुलं पुढे सरकून, माना वाकड्या करून त्याची टोपी, कोपर, दाढीचं टोक शोधतात आणि "दिसतोय, दिसतोय" म्हणून ओरडतात. मोठी माणसं तेच गंभीरपणे म्हणतात. मग "पुढच्या वर्षी न दिसो" झाल्यावर कोवाच मोडला जातो. पहिला तुकडा अग्नीत, दुसरा देवाच्या लाकडी खांबाच्या पायाशी, बाकीचा जमलेल्यांना.

हे पुस्तकातून उचललं, म्हणजे खोटंच ना, असं मला अनेकदा विचारतात. इथे थोडं थांबायला हवं. हीच प्रश्नोत्तरं साक्सोचं नावही न ऐकलेल्या खेड्यांत जिवंत होती. युक्रेनमध्ये नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी घरचा कर्ता पुरुष पुऱ्या-पावांच्या ढिगाआड बसून मुलांना "मी दिसतो का?" विचारायचा, आणि पुढच्या वर्षीही असाच झाकला जावो म्हणायचा. हर्जेगोविनात आणि बल्गेरियातही सणाच्या भाकरीआड लपण्याची अशी रीत नोंदवलेली आहे. बाल्टिक समुद्रापासून बाल्कनपर्यंत एकाच विधीचे तुकडे सापडतात, तेव्हा तो केवळ र्युगेन बेटाचा नव्हता हे मानावंच लागतं. आजच्या मंडळांनी ग्रंथातला सांगाडा घेतला, पण त्या सांगाड्याला खेड्यांची साक्ष आहे. म्हणून त्यांच्या सगळ्या सणांमध्ये मी याला सर्वांत भक्कम समजतो.

मूर्तीबद्दलही एक बारकावा लक्षात ठेवा. तुम्हाला तिथे बहुधा लाकडी खांब दिसेल, चार दिशांना चार चेहरे आणि वर एकच टोपी. साक्सोच्या वर्णनातल्या देवाला मात्र चार वेगळी डोकी आणि चार वेगळ्या माना होत्या. एक टोपी येते ती युक्रेनमधल्या झब्रुच नदीत १८४८ मध्ये सापडलेल्या अडीच मीटरहून उंच चुनखडीच्या खांबावरून. तो आज क्राकुव्हच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे आणि त्याच्या अस्सलपणाबद्दल विद्वानांत अजून वाद आहे. पोलंडच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या व्होलिनला उत्खननात सापडलेली चार चेहऱ्यांची लाकडी मूर्ती मात्र हाताच्या पंज्यात मावेल एवढी आहे. घरातला देव एवढाच असावा असं तिच्याकडे पाहून वाटतं.

आता तुमच्या आमंत्रणाची कुपाला. उन्हाळ्यातल्या सर्वांत लहान रात्रीचा हा सण. चर्चचा संत योहानाचा दिवस, २४ जून, त्याच सुमाराला येतो. पूर्वेकडे जुन्या पंचांगामुळे तोच दिवस ७ जुलैला येतो. मंडळं मात्र खऱ्या अयनदिनाकडे बघतात आणि सोयीसाठी जवळचा शनिवार धरतात. रशियातल्या प्स्कोव्हजवळच्या एका मठाचा प्रमुख पाम्फिल याने १५०५ मध्ये या रात्रीविरुद्ध अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं: सगळं गाव डफ, पावे आणि तंतुवाद्यं घेऊन उठतं, बायका नाचतात, लोक वनात औषधी मुळ्या शोधत फिरतात. पत्र रागाचं आहे, पण सणाचं त्याहून चांगलं वर्णन मला दुसरं माहीत नाही. आज तुम्ही जे बघाल ते याच्याशी बरंच जुळेल. लाकडावर लाकूड घासून पाडलेला विस्तव (ओल्या हवेत यालाच फार वेळ लागतो, कंटाळू नका), फुलांचे मुकुट आणि जोडीने हात धरून आगीवरून मारलेली उडी. हात सुटले नाहीत तर जोडी टिकते म्हणतात. मुली दिवे लावून मुकुट नदीत सोडतात. मध्यरात्री नेच्याचं फूल शोधायला जंगलात जायचं, जे कधीच फुलत नाही. ते सापडलं नाही म्हणून नाराज झालेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

एक घोटाळा टाळा. क्राकुव्हला व्हिस्तुला नदीकाठी याच सुमारास 'व्यान्की' नावाचा मोठा कार्यक्रम होतो, त्यात गाणीबजावणी आणि प्रचंड गर्दी. तो शहराचा उत्सव आहे, पूजा नव्हे. व्होलिनला ऑगस्टमध्ये भरणारा स्लाव्ह आणि व्हायकिंगांचा महोत्सवही इतिहास उभा करून दाखवणाऱ्या हौशी लोकांचा आहे. मंडळाचा विधी म्हणजे एखादा माळ, बहुतेक वेळा काही डझन माणसं, आणि देवाचं नाव घेताना खरंच ओले होणारे डोळे.

वसंतातल्या माझान्नाबद्दल थोडक्यात. हिवाळ्याची आणि मरणाची ही बाहुली गवताची करतात, पेटवतात, नदीत बुडवतात, आणि परत येताना मागे वळून पाहत नाहीत. १४२० मध्ये पोझनानच्या धर्मसभेने ही प्रथा बंद करा म्हणून ठराव केला. त्या ठरावाला सहा शतकं उलटून गेली आणि पोलंडच्या शाळांतली मुलं अजून मार्चमध्ये तिला नदीवर घेऊन जातात, घरून कॅथलिक असूनही. पेरूनचा दिवस जुलैच्या २० तारखेच्या आसपास असतो, तेव्हाच चर्चचा संत एलियाचा दिवस येतो; ओकची पानं, कुऱ्हाडी, पुरुषांच्या कुस्त्या असं त्याचं रूप असतं. हिवाळ्यातल्या अयनदिनाला 'श्चोद्रे गोदी', तेव्हा मुखवटे घालून दारोदार फिरतात. हे सगळे सण सुरेख आहेत, पण त्यांचा तपशील मंडळागणिक बदलतो, म्हणून त्यात शिरत नाही.

'ज्यादी' मात्र सोडून चालणार नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस, नोव्हेंबरच्या तोंडावर पूर्वजांना जेवू घालण्याचा हा दिवस. बेलारूसमध्ये आणि पोलंडच्या पूर्वेकडे ही रीत खेड्यांतून पार तुटली अशी कधी झालीच नाही. गहू आणि मधाचं पक्वान्न करतात, घरातल्या मृतांची नावं घेऊन त्यांना बोलावतात, प्रत्येक पदार्थातला पहिला घास बाजूला काढतात. जेवताना चमचा किंवा घास खाली पडला तर उचलत नाहीत, तो त्यांचा. रात्री भांडी घासत नाहीत, ताटं तशीच राहतात. काही घरांत बाकावर बसण्याआधी हलकी फुंकर मारतात, तिथे आधीच कुणी बसलेलं असेल तर सरकावं म्हणून. मराठी माणसाला पितृपक्ष आठवेल, आणि आठवायला हरकत नाही. आजची मंडळं हा दिवस करतात तेव्हा त्यांना फारसं काही शोधून काढावं लागत नाही; बऱ्याच जणांनी आजीला हे करताना पाहिलेलं असतं. विधीत पेरून-वेलेसची नावं येतात, ती मंडळांनी जोडलेली. जेवण मात्र आजीचं.

मंडळं कुठून आली? सुरुवात कवी आणि संग्राहकांपासून. झोरियन दोवेंगा-खोदाकोव्स्की याने १८१८ मध्ये ख्रिस्तपूर्व स्लाव्ह जगावर निबंध लिहिला आणि गावोगाव गाणी गोळा करत फिरला. व्वादिस्वाव कोवोजेय याने १९२१ मध्ये श्व्यातोविटाच्या (म्हणजे वरच्याच स्वान्तेविटच्या) उपासकांचं मंडळ काढल्याचं सांगितलं जातं. कम्युनिस्ट राजवटीत या लोकांना जागाच नव्हती. १९९५ आणि १९९६ मध्ये पोलंडमध्ये अशा दोन संस्थांची सरकारदरबारी धर्मसंस्था म्हणून नोंद झाली. रशियात कालुगा इथे १९९७ मध्ये स्लाव्ह मंडळांचा संघ झाला. युक्रेनची परंपरा वेगळी: वोलोदिमिर शायान आणि त्याचा शिष्य लेव्ह सिलेन्को हे दोघेही परदेशी गेले, आणि सिलेन्कोने १९६६ मध्ये शिकागोत एका देवाला, दाझबोगला, मानणारा पंथ सुरू केला. त्यामुळे 'स्लाव्ह धर्म' असं एकच काही नाही. कुणी अनेक देव मानतो, कुणी एकच, कुणी फक्त पूर्वज आणि निसर्ग.

आता फॉरवर्डांकडे. पेरून आणि ऋग्वेदातला पर्जन्य यांच्या सारखेपणावर भाषाशास्त्रज्ञ पूर्वीपासून चर्चा करत आले आहेत आणि दोन्ही भाषांचं कूळ एक आहे यात शंका नाही. पण दूरच्या चुलत नात्यावरून कुणी कुणाच्या घरचा होत नाही. स्लाव्हांकडे वेद नव्हते. 'स्लाव्हांचा वेद' म्हणून जो 'वेलेसचा ग्रंथ' फिरतो, तो १९५० च्या दशकात पुढे आला आणि भाषातज्ज्ञांनी तो बनावट ठरवला आहे. 'स्लाव्ह-आर्य वेद' नावाची पुस्तकं तर रशियातल्या ओम्स्कच्या ज्या पंथाने काढली, त्याच्या संघटना तिथल्या न्यायालयाने २००४ मध्ये वंशद्वेषी चिन्हं आणि प्रचारामुळे बंद केल्या. आपले लोक अभिमानाने जे पुढे पाठवतात त्यातलं बरंचसं त्या गोतावळ्यातलं असतं. पोलंडमधले विचारी झेर्त्सा या पुस्तकांना हातही लावत नाहीत.

यावरूनच एक सावधगिरी. या चळवळीची एक बाजू कडवी राष्ट्रवादी आहे आणि ती काही ठिकाणी उघड वंशवादी होते. मंडळाने तुम्हाला बोलावलंय यावरून तुमची सहकारी त्यातली नसावी. तरी आधी त्यांचं संकेतस्थळ वाचा, परक्या वंशाच्या लोकांबद्दल काय लिहितात ते बघा. आठ पाकळ्यांचं 'कोलोव्रात' चिन्ह जवळपास सगळीकडे दिसेल. ते पुरातन म्हणून सांगतात, पण आजचा त्याचा घाट पोलिश चित्रकार स्तानिस्वाव याकुबोव्स्की याच्या १९२३ च्या चित्रांत सापडतो. ते घालणारा प्रत्येक जण वंशवादी नसतो आणि प्रत्येक जण निरागसही नसतो. तुमच्या गळ्यात किंवा की-चेनवर स्वस्तिक असेल तर त्या दिवशी घरी ठेवा. तिथे त्याचा अर्थ एकच घेतला जातो आणि समजावत बसायला वेळ मिळत नाही.

वागण्याबद्दल. रिकाम्या हाताने जाऊ नका. पाव, मध, धान्य, पनीरसारखं ताजं चीज, यांतलं काहीही चालतं. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, अडचण येत नाही. नैवेद्य अग्नीत टाकण्याआधी प्लास्टिकचं वेष्टन काढा, आणि अग्नीत कचरा, सिगारेटचं थोटूक किंवा थुंकी कधीही नको, यावर ती माणसं खरंच दुखावतात. फिरायचं ते सूर्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या प्रदक्षिणेसारखंच उजवीकडून. फोटो आधी विचारूनच काढा, कारण कित्येकांनी आपला धर्म ऑफिसात सांगितलेला नसतो. यासाठी तुमच्या सहकारी मुलीबद्दलही इतरांशी बोलताना जपा.

मधाच्या दारूने भरलेलं शिंग वर्तुळातून फिरत येईल. पीत नसाल तर दोन थेंब जमिनीवर सोडा, शिंग कपाळाशी नेऊन पुढे द्या, कुणी आग्रह करणार नाही. शिंग हातात असताना प्रत्येक जण काहीतरी म्हणतो: कुणी देवाचं नाव, कुणी पूर्वजाचं, कुणी नुसतंच आभार. शेवटी सगळे मिळून "स्वावा!" असा जयघोष करतात. तुम्हाला पोलिश येत नसेल तर मराठीत बोला, ते ऐकून घेतात. आपल्या आजी-आजोबांचं नाव घेतलंत तर सगळ्यांना समजेल. त्यांच्या देवांना हात जोडणं तुमच्या श्रद्धेत बसत असेल तर जोडा, नसेल तर वर्तुळात शांत उभे राहा, दोन्ही चालतं. नाटक मात्र करू नका.

व्रोत्स्वावमध्येच आहात, तर एक सोय आहे. शहराच्या दक्षिणेला श्लेंझा डोंगर आहे, ७१८ मीटर उंच. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला बिशप थिटमारने लिहिलं की आसपासचे सगळे लोक या डोंगराला फार मानतात. त्याच्या अंगावर जुन्या दगडी तटांचे अवशेष आहेत आणि तिरप्या फुलीची खूण कोरलेलं दगडी अस्वल आहे. कुपालाच्या आधीच्या एखाद्या रविवारी वर जाऊन या. आणि कुपालाच्या रात्री सहकारी मुलीला विचारून सप्टेंबरच्या कापणीच्या सणाचंही आमंत्रण मिळवून ठेवा. ती मंडळं जागा आणि तारीख साधारण महिनाभर आधी ठरवतात, आणि कोवाच किती मोठा भाजायचा ते किती माणसं येणार त्यावर ठरतं.